टायमिंग कुणी विचारलं नाही

जानेवारीतला तिसरा रविवार उलटला की पुढचे आठ-दहा दिवस माझा फोन मॅरेथॉनच्या अनुभवांनी भरून जातो. धावणाऱ्यांच्या ग्रुपवर, फेसबुकवर, अगदी सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा. मजकूर साधारण ठरलेला असतो. चार महिन्यांची तयारी, आदल्या रात्री उडालेली झोप, बत्तिसाव्या किलोमीटरला दगड झालेले पाय, पेडर रोडचा चढ, तिथे कुणा अनोळखी आजींनी हातावर ठेवलेली संत्र्याची फोड, शेवटी डोळ्यांत पाणी आणि गळ्यात मेडल. मी थट्टा करत नाहीये. यातलं सगळं खरं असतं, आणि मीही असे तीन अनुभव लिहिले आहेत. त्यातले दोन निरुपद्रवी होते. तिसऱ्याबद्दल आज लिहायचं आहे. तो माझा नव्हता, माझ्या धाकट्या बहिणीचा होता, आणि मी तो तिला न विचारता लिहिला होता.

आधी न धावणाऱ्या वाचकांसाठी थोडं. मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. फुल म्हणजे 42.195 किलोमीटर, हाफ म्हणजे त्याच्या निम्मी. फुल सीएसएमटीसमोरून सुटते. मी सांगतोय त्या वर्षांत ती मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी करत सी-लिंकवरून वांद्र्याला जायची आणि माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी करत पुन्हा त्याच हाजी अलीवरून, त्याच पेडर रोडवरून परत यायची. चढ एकच, पण दुसऱ्यांदा यायचा तेव्हा पायांत 35 किलोमीटर साचलेले असायचे. हाफ अलीकडे माहीमच्या रेतीबंदरहून सुटते. शिवाय दहा किलोमीटरची शर्यत असते, ज्येष्ठांची असते, दिव्यांगांची असते, आणि ड्रीम रन असते, जिच्यात धावणं कमी आणि फलक जास्त.

बाहेरच्या माणसाला मॅरेथॉन म्हटलं की फिनिश लाइन दिसते. आम्हाला आधी शौचालयाची रांग आठवते. पहाटे साडेचार वाजता, आझाद मैदानात, शंभर-दीडशे माणसं पोट धरून उभी आणि समोर दहा-बारा डबे. मांड्यांना आणि काखेत व्हॅसलिन चोपडायचं, नाहीतर विसाव्या किलोमीटरनंतर कपडा कातडी सोलतो. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडतं आणि मार्चपर्यंत गळून जातं. स्नायूंना मारायच्या स्प्रेचा तो तिखट वास, केळ्यांच्या साली, पहाटेच्या जादा लोकलमध्ये एकमेकांच्या बुटांकडे चोरून बघणारी माणसं. शरीरात साठवलेली साखर साधारण तीस-बत्तीस किलोमीटर पुरते. पुढे शरीर चरबीवर चालायला लागतं आणि तो व्यवहार फार सावकाश होतो. तिथे जिद्दीबिद्दीचा फारसा संबंध नसतो. आदल्या तीन महिन्यांत लांब पल्ल्याचे रविवार किती केले आणि किती बुडवले, याचा हिशेब तिथे चुकता होतो, एवढंच.

आणि नावं. छातीवरच्या बिबवर आकड्याबरोबर नावही छापलेलं असतं. शिवाजी पार्कला, प्रभादेवीला लोक पहाटेपासून उभे असतात, मिठाची पुडी, गूळ, चिक्की, बिस्किटं घेऊन, आणि तुमच्या छातीवरचं नाव वाचून ओरडतात. माझं नाव मराठी कानाला जरा आडवं आहे. एकदा कॅडेल रोडवर एका लहान मुलीनं ते चुकीचं वाचलं, तिच्या वडिलांनी दुरुस्त केलं, मग दोघांनी मिळून घसा ताणून म्हटलं. ज्या नावावर घराचा दलाल फोनवरच ‘कळवतो’ म्हणतो, तेच नाव. मी लगेच भारावून गेलो नाही. तेव्हा मला फक्त पाणी हवं होतं. पण घरी आल्यावर आठवलं, आणि अजून आठवतं.

माझी पहिली फुल 2009 ची. 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसटीच्या फलाटांवर गोळीबार झाला होता, आणि 18 जानेवारीला, म्हणजे 53 दिवसांनी, त्याच स्टेशनसमोरून शर्यत सुटली. सी-लिंक तेव्हा अजून सुरू झालेला नव्हता. त्या वर्षी हवेत काहीतरी वेगळं होतं हे खरंच. सुरुवातीला आम्ही सगळेच नेहमीपेक्षा गप्प होतो. ट्रायडंट-ओबेरॉयवरून जाताना पुष्कळांनी मान वळवून वर बघितलं. मीही बघितलं. मला 4 तास 52 मिनिटं लागली.

मंगळवारी ऑफिसात एका वरिष्ठांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “तू धावलास ते फार बरं केलंस. चांगला मेसेज गेला.”

माणूस सज्जन होता. बोलण्यात खोट नव्हती. पण मी जागेवर येऊन बसलो आणि बुटात खडा गेल्यासारखं वाटत राहिलं. मी त्या शर्यतीची तयारी ऑगस्टपासून करत होतो. ऑगस्टात मला कसला मेसेज द्यायचा होता? शेजारच्या टेबलावरचा सहकारीही त्याच रविवारी धावला होता. त्याच साहेबांनी त्याला विचारलं, “टायमिंग किती?”

हा फरक सांगून पटत नाही, कारण मोजायला गेलं तर माझंच जास्त कौतुक झालं होतं. त्याला टायमिंग विचारलं म्हणजे त्याला धावणारा समजलं. मला मेसेज म्हटलं म्हणजे मी काय केलं यापेक्षा मी कोण, हे महत्त्वाचं ठरलं. एवढं मला 2009 साली कळलं होतं, असं मी चौदा वर्षं समजत होतो.

माझी बहीण माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. शाळेत विज्ञान शिकवते. लॉकडाऊननंतर तिनं चालायला सुरुवात केली, मग चालता चालता धावायला. आम्ही कुर्ला पश्चिमेला राहतो. तिथून धावायची जागा म्हणजे बीकेसी. रुंद रस्ते, सपाट फुटपाथ, रविवारी सकाळी तिथे निम्मी मुंबई धावत असते. पण बीकेसीपर्यंत पोहोचायचं तर आधी आमच्या गल्ल्या, मग एलबीएस रोड, मग मिठीवरचा पूल. पहाटे साडेपाचला तिथे अर्धे दिवे बंद, कुत्री मात्र जागी. मोटरसायकलवरची पोरं वेग कमी करून बाजूला येतात, काहीतरी बोलतात आणि निघून जातात. तिनं दोन महिन्यांत मार्ग तीनदा बदलला. सगळ्यात मोठा प्रश्न तिनं मला कितीतरी उशिरा सांगितला, तोही वैतागून: अठरा किलोमीटर धावताना मधे बाईनं जायचं कुठे? पुरुष भिंत बघतो. ती आदल्या रात्री नऊनंतर पाणी पीत नसे, आणि मी तिला धावण्याआधी पाणी भरपूर पी म्हणून व्याख्यान देत असे.

ती पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि डोक्याला स्कार्फ बांधून धावते. सुरुवातीला सुती स्कार्फ होता, तो घामानं जड व्हायचा. मग तिनं पातळ, लवकर वाळणाऱ्या कापडाचा घेतला. या विषयावर आमच्या घरात एकूण चर्चा झाली ती एवढीच.

कोविडमुळे 2021 आणि 2022 ला मुंबई मॅरेथॉन झाली नाही. 2023 च्या जानेवारीत ती परत आली. मी फुलला, बहीण पहिल्यांदाच हाफला. अम्मीनं रात्री बदाम भिजत घातले. अब्बांनी पहाटे तीनला उठून तिला रिक्षानं वांद्र्यापर्यंत सोडलं, कारण रिक्षा त्यापुढे जात नाही, आणि तिथून दोघं रेतीबंदरपर्यंत चालत गेले.

तिच्या शर्यतीबद्दल तिनं मला नंतर जे सांगितलं त्यात सगळ्यात जास्त होतं ते सी-लिंकबद्दल. साडेपाच किलोमीटरहून जास्त लांबीचा तो पूल. एरवी त्यावर पायी जायला मनाई, दुचाकीला मनाई, रिक्षाला मनाई. म्हणजे ज्याच्याकडे चारचाकी नाही किंवा टॅक्सीचे पैसे नाहीत, त्यानं तो माहीमच्या किनाऱ्यावरून बघायचा. आम्ही तो आयुष्यभर तसाच बघितलेला. ती म्हणाली, “भाई, वर पोचले तेव्हा काळोख होता. बँड नाही, लोक नाहीत, कुणी ओरडत नाही. नुसता बुटांचा आवाज. हजारो बूट. पाऊस पत्र्यावर पडतो ना, तसा. आणि खालून समुद्राचा वास.” तिला तिथे हळू धावावंसं वाटलं, पण आजूबाजूच्यांच्या लयीनं ती ओढली गेली आणि तेच तिला पुढे पेडर रोडला भोवलं. पहिले दहा किलोमीटर जरुरीपेक्षा जोरात, शेवटचे पाच रडतखडत. नवशिक्या धावणाऱ्याची सगळ्यात जुनी चूक. 2 तास 38 मिनिटं. पहिल्या हाफला ही वेळ मुळीच वाईट नाही.

मी फुल संपवून येईपर्यंत ती आझाद मैदानात बसून होती. मी लंगडत पोचलो तेव्हा एक फोटोग्राफर तिच्यासमोर उकिडवा बसला होता. “मॅडम, मेडल जरा वर, स्कार्फजवळ. हां, अजून वर.” मग एका बाईंनी तिला आवाजापुढे फोन धरून विचारलं, घरातून विरोध झाला का? दुसऱ्या कुणीतरी अगदी आपुलकीनं विचारलं, पहाटेची नमाज कुठे पढलीस? ती हसून म्हणाली, “ते माझं आणि अल्लाहचं बघू आम्ही.” तिथे जवळच तिच्याच वयाची एक मुलगी पाय पसरून बसली होती, बहुधा तिच्यामागूनच आलेली. तिला कुणी काही विचारत नव्हतं. माझ्या बहिणीनं तिच्याकडे इतक्या हेव्यानं बघितलं, ते मला आज आठवतं. त्या वेळी मी ते बघूनही बघितलं नाही, कारण माझ्या डोक्यात लेख सुरू झाला होता.

त्याच रात्री मी तो लिहिला. मथळा होता ‘हिजाबपासून सी-लिंकपर्यंत’. आता लिहितानाही कानशिलं तापतात. त्या लेखात गल्ली होती, काळोख होता, ‘समाजाच्या नजरा’ होत्या, ‘उंबरठा’ हा शब्द चार वेळा होता. खोटं असं एकही वाक्य नव्हतं. फक्त मी बदाम लिहिले नाहीत. पहाटे तीनला उठलेले अब्बा लिहिले नाहीत. मोटरसायकलवाली पोरं कोण, कुठली, ते मी मोघम ठेवलं, त्यामुळे वाचणाऱ्याला ती पोरं आणि आमचं घर एकच वाटावं अशी सोय झाली. बंद दिवे आणि नसलेली शौचालयं तर आलीच नाहीत. पालिकेच्या बंद दिव्यांवर कोण रडतं? उंबरठ्यावर लोक रडतात.

लेख खूप फिरला. माझ्या कुठल्याच लेखाला इतके वाचक मिळाले नव्हते. खाली दोन फळ्या पडल्या. एक फळी म्हणत होती, शाबास, अशाच बेड्या तोडा. दुसरी म्हणत होती, परक्या पुरुषांत धावणारी ही कसली स्कार्फवाली. दोन्ही फळ्यांना तिचं नाव पाठ झालं. 2 तास 38 मिनिटं हा आकडा लेखात होता, शेवटून तिसऱ्या ओळीत. शेकडो प्रतिक्रियांत त्याबद्दल एक शब्द नव्हता.

बहिणीला लेख शाळेच्या स्टाफरूममध्ये कळला. तिथे कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवला आणि टाळ्या वाजवल्या. अम्मीला शेजारणीनं वाचून दाखवला. अम्मीनं मला दोनच दिवसांनी, भाकरी थापताना, मान वर न करता विचारलं, “मी कधी अडवलं होतं रे तिला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहीण त्या रात्री एवढंच म्हणाली, “भाई, मी धावले होते. तू मला दाखवायला काढलंस.” पुढे महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. 2024 च्या शर्यतीला तिनं नाव नोंदवलं नाही. बीकेसीला जाणंही बंद केलं. लोक ओळखायला लागले होते.

आता मुद्द्यावर येतो. शहरातल्या मॅरेथॉनला आपण एक वाईट खोड लावली आहे. तिथे कुणी नुसतं धावलेलं आपल्याला चालत नाही. नऊवारी नेसून धावणाऱ्या आजी म्हणजे संदेश. अनवाणी धावणारा म्हणजे संदेश. कॅन्सरमधून उठलेला माणूस म्हणजे संदेश. ड्रीम रनमध्ये तर प्रत्येकाच्या हातात फलकच असतो, त्याला माझी हरकत नाही, कारण तो फलक ज्यानं त्यानं स्वतः उचललेला असतो. धावणाऱ्यांच्या देणग्यांमधून कितीतरी संस्थांना पैसा मिळतो, तेही चांगलंच. माझी हरकत आहे ती दुसऱ्याच्या पाठीवर न विचारता चिकटवलेल्या फलकाला. आणि तो चिकटवणारे बहुतेक वेळा वाईट लोक नसतात, माझ्यासारखे असतात.

कॅथरीन स्वित्झरचा 1967 च्या बोस्टन मॅरेथॉनमधला फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. बायकांना तेव्हा तिथे प्रवेश नव्हता. तिनं आद्याक्षरं लिहून नाव नोंदवलं होतं, आणि एक अधिकारी भर रस्त्यात तिच्या अंगावर धावून जाऊन तिचा क्रमांक फाडायला बघतो आहे. फोटो जगभर गेला आणि जायलाच हवा होता. पण हीच बाई पुढे 1974 ची न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली आणि 1975 ला त्याच बोस्टनमध्ये 2 तास 51 मिनिटांत धावली, हे मला धावायला लागून दहा वर्षं झाल्यावर कळलं. 2:51 म्हणजे काय ते धावणाऱ्यांना विचारा. माझी सगळ्यात चांगली वेळ त्याच्यापेक्षा दीड तासानं जास्त आहे. तिच्या अंगावर धावून आलेला माणूस आपल्याला माहीत, तिचे पाय माहीत नाहीत.

आपल्याकडे बघा. ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली, नंतर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिच्याबद्दल मी वाचलेले बहुतेक लेख माणदेशच्या दुष्काळापासून सुरू होतात. दुष्काळ खराच आहे. पण मॅरेथॉनची बाई अडथळ्यांच्या शर्यतीकडे का वळली, त्या शर्यतीत पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारताना नेमकं काय साधावं लागतं, हे एकाही लेखानं मला सांगितलं नाही. माणदेशची मुलगी आणि पाण्याचा खड्डा, यावर शब्दांचे खेळ करणं सोपं असतं.

एका मित्रानं माझ्याशी यावर वाद घातला. तो म्हणाला, तुझ्या बहिणीला बघून चार मुली घराबाहेर पडल्या तर काय वाईट? संदेश म्हण नाहीतर अजून काही म्हण. त्याचं म्हणणं मी सहज उडवून लावणार नाही. खरोखरच आमच्या गल्लीतल्या दोन मुली तिच्याबरोबर चालायला यायला लागल्या होत्या. पण त्या आल्या 2022 च्या पावसाळ्यानंतर, माझ्या लेखाच्या तीन-चार महिने आधी. पहाटे साडेपाचला खिडकीतून त्यांनी तिला रोज जाताना बघितलं होतं म्हणून. लेखानंतर त्यातल्या एकीच्या घरच्यांनी तिचं येणं बंद केलं. का, तर ‘उद्या आमच्या मुलीवरही कुणी लिहील’. त्या बापाला मी आधी मागासलेला म्हटलं. मग वाटलं, त्याची भीती तर माझ्यामुळे खरी ठरली आहे.

2024 च्या ऑगस्टात, पॅरिस ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी साडेअकराला महिलांची मॅरेथॉन सुरू झाली. बहीण ती टीव्हीवर बघत बसली होती. मी पाठीमागे. नेदरलँड्सच्या सिफान हसननं त्या आठवड्यात आधीच 5000 आणि 10,000 मीटरमध्ये कांस्यपदकं घेतली होती आणि आता त्यावर ती 42 किलोमीटर धावत होती. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यतींत पदक याआधी 1952 ला एमिल झाटोपेकनं मिळवलं होतं. जवळजवळ सगळी शर्यत ती आघाडीच्या बायकांच्या मागच्या बाजूला राहिली. आमचा श्वास अडकला होता, ती मात्र मागे राहून शांत. शेवटच्या काही शे मीटरमध्ये इथिओपियाच्या तिग्स्त असेफाशी तिची खांद्याला खांदा धक्काबुक्की झाली आणि ती निसटून पुढे गेली. 2 तास 22 मिनिटं 55 सेकंद. ऑलिंपिक विक्रम. बहीण उभी राहून ओरडत होती. अम्मी स्वयंपाकघरातून धावत आली, काय पडलं म्हणून.

पदक घेताना हसननं डोक्यावर हिजाब घेतला होता. धावताना नव्हता. फ्रान्सनं आपल्या स्वतःच्या खेळाडूंना हिजाबची मनाई केली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिकडे तिकडे तोच विषय. माझ्या हातांनाही खाज सुटली, खोटं कशाला बोलू. मनाईबद्दल लिहायला हवंच होतं, ती मनाई अन्यायाचीच आहे. पण बहिणीनं त्या रात्री जेवताना विचारलं ते वेगळंच होतं: “तीन शर्यतींनंतर तिचे पाय शेवटी इतके ताजे कसे? मागे राहिली म्हणून ना? मी सी-लिंकवर हेच चुकले.”

सप्टेंबरपासून ती पुन्हा बाहेर पडायला लागली. यावेळी मला सांगून नाही. पावसात भिजलेले बूट गॅलरीत उलटे टांगलेले दिसले, तेव्हा मला कळलं.

2025 ची शर्यत 19 जानेवारीला होती, या मॅरेथॉनची विसावी खेप. माझा गुडघा दुखत होता म्हणून मी नाव दिलं नव्हतं. सकाळी मी पेडर रोडच्या चढावर, माथ्याच्या जरा अलीकडे, जाऊन उभा राहिलो. हातात सोललेली संत्री आणि मिठाची पुडी. सोळा वर्षांत मी पहिल्यांदाच दोरीच्या अलीकडे होतो. इथून शर्यत फार वेगळी दिसते. धावताना वाटतं आपल्याला सगळे बघतायत. इथे उभं राहिलं की चेहरे इतके भराभर जातात की एकही धड दिसत नाही, नुसते बिबवरचे आकडे आणि नावं. माझ्या शेजारी एक काकू स्टुलावर परात ठेवून उभ्या होत्या. त्यांना प्रत्येकाचं नाव घ्यायचंच होतं. चष्मा वरखाली करून त्या नावं वाचत आणि हाक मारत. मराठी, गुजराती, तमिळ, सगळी सारख्याच जोरानं आणि सारखीच चुकवून.

बहीण आली ती रस्त्याच्या डाव्या कडेनं, लहान पावलं टाकत, नजर समोरच्या दहा फुटांवर. चढाला असंच धावायचं असतं. मी हाक मारली. नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून “पुढे उतार आहे!” असं काहीतरी ओरडलो. तिनं न बघता हात वर केला, “माहीत आहे” अशा अर्थानं. संत्र्याची फोड मात्र तिनं काकूंच्या परातीतून उचलली. माझा हात पुढेच राहिला.

“तुमची कोण?” काकूंनी विचारलं.

“बहीण.”

“बरी लयीत आहे हो,” त्या म्हणाल्या, “मघापासून गेल्या त्यातल्या निम्म्या जणी इथे चालतच होत्या.” आणि लगेच पुढचं नाव वाचायला वळल्या.

हा लेख छापण्याआधी मी तिला वाचायला दिला. तिनं तो शाळेच्या वह्या तपासतात तसा लाल पेनानं तपासला. दोन वाक्यं काढायला लावली. कुठली ते सांगायची मुभा नाही. अब्बांची रिक्षा आणि बदाम राहू दिले. तिची त्या शर्यतीची वेळ मी 2 तास 31 मिनिटं अशी लिहिली होती. तिनं ती खोडून वर लिहिलं, 2 तास 30 मिनिटं 52 सेकंद.